दार्जिलिंग : एका झुडपाचे चार बहर

दार्जिलिंगच्या मळ्यांत फेब्रुवारीच्या अखेरीस एखादी चांगली सर येऊन गेली, की चहाच्या झुडपांना पालवी फुटते. डिसेंबरपासून ही झुडपं निजलेली असतात. थंडीने वाढ थांबलेली असते, त्या दिवसांत छाटणी उरकते, कारखान्यांतली यंत्रं उघडून त्यांना तेलपाणी होतं. मार्चमध्ये फुटलेला कोवळा पाला एप्रिलच्या मध्यापर्यंत खुडला जातो. त्याचा चहा झाला की त्यातला बराचसा विमानाने जर्मनीला आणि जपानला रवाना होतो, कारण तिथले शौकीन वर्षाच्या पहिल्या दार्जिलिंगची वाट पाहत असतात. हा पहिला बहर. व्यापारात त्याला फर्स्ट फ्लश म्हणतात. कपात तो फिकट सोनेरी उतरतो, त्याला ताज्या फुलांचा वास असतो आणि जिभेच्या कडेला किंचित तुरट धार लागते.

त्याच झुडपांवरचा जूनमधला चहा तांबूस आणि गोडसर असतो, पिकल्या द्राक्षांच्या वासाचा. ऑगस्टमधला गडद आणि साधासरळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तांबडा, मऊ, पोटभरीचा. झुडूप तेच, माती तीच, खुडणारे हातही बहुधा तेच. तरी चार चहा शेजारी शेजारी ठेवले तर ते एकाच मळ्यातले आहेत यावर नवख्या माणसाचा विश्वास बसणार नाही.

चहाच्या जगात फेरफटका मारू इच्छिणाऱ्याने दार्जिलिंगपासून सुरुवात करावी, असं वाटतं ते यासाठी. दुकानाच्या फळीवर हिरवा चहा, काळा चहा, पांढरा चहा, उलाँग, पू-अर असे डबे मांडलेले दिसतात आणि ही वेगवेगळ्या झाडांची पानं असावीत असा समज होतो. वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने ही सगळी ‘कॅमेलिया सायनेन्सिस’ या एकाच झाडाची पानं आहेत. या झाडाचे मुख्य प्रकार दोन : बारीक पानाचा, थंडी सोसणारा चिनी, आणि मोठ्या पानाचा, उष्ण दमट हवेत फोफावणारा आसामी. बाकीचा फरक पडतो तो पान कधी खुडलं आणि खुडल्यानंतरच्या तासांत त्याचं काय केलं, यामुळे. दार्जिलिंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच डोंगरउतारावर, एकाच वर्षात पाहायला मिळतात.

दार्जिलिंगचं झुडूप मूळचं तिथलं नाही. १८३५ मध्ये हा डोंगराळ भाग सिक्कीमकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि पुढे डॉ. आर्चिबाल्ड कॅम्पबेल या शल्यचिकित्सकाकडे त्याचा कारभार सोपवण्यात आला. १८४१ मध्ये त्याने आपल्या घरामागच्या बागेत चहाचं बी पेरलं. हे चिनी जातीचं बी कुमाऊंमधल्या सरकारी रोपवाटिकेतून आलं होतं. तोपर्यंत आसामात चहाची झाडं रानात सापडली होती. सिंगफो लोक ती पूर्वापार वापरत होते आणि आसामच्या चहाचा पहिला लिलाव लंडनमध्ये १८३९ च्या जानेवारीत झालाही होता. पण आसामी जात दार्जिलिंगच्या थंडीत फारशी रमली नाही. चिनी जात मात्र रुजली. १८५० च्या दशकात व्यापारी मळे उभे राहू लागले आणि १८७४ पर्यंत त्यांची संख्या शंभराच्या वर गेली. जंगल तोडणारे, उतारावर पायऱ्या खोदणारे आणि पाला खुडणारे मजूर प्रामुख्याने पूर्व नेपाळच्या डोंगरांतून आले. आजचे मजूर त्यांचेच वंशज आहेत. मळ्यांत बोली चालते ती नेपाळी, आणि मळ्याला ते ‘कमान’ म्हणतात.

पाला खुडण्याचं काम बहुतांशी बायका करतात. वेताची किंवा बांबूची उंच टोपली, म्हणजे डोको, पाठीवर असते आणि तिचा पट्टा कपाळावरून घेतलेला असतो. दोन्ही हात मोकळे. प्रत्येक डहाळीच्या टोकाची कळी आणि तिच्याखालची दोन पानं, एवढंच खुडायचं. तिसरं पान घेतलं तर वजन वाढतं, पण चहा भरड होतो. एक किलो तयार चहासाठी चार ते साडेचार किलो ओला पाला लागतो आणि दार्जिलिंगच्या बारीक पानाचा हिशेब केला तर त्यात वीस हजारांहून अधिक शेंडे असतात. प्रत्येक शेंडा वेगळा हाताने खुडलेला. उतार इतके तीव्र आहेत की कापणी यंत्राचा फारसा उपयोग होत नाही.

संध्याकाळी पाला कारखान्यात येतो आणि खरी परीक्षा सुरू होते.

पहिलं काम कोमेजवण्याचं. जाळीच्या लांबलचक हौदांत पाला पसरतात आणि खालून हवा सोडतात. चौदा ते अठरा तासांत पानातलं पाणी उडतं, पान मऊ पडतं, मुठीत दाबलं तर मोडत नाही. या काळात पानाच्या आत रासायनिक उलथापालथही चाललेली असते. वासाची जी द्रव्यं साखरेशी बांधलेली असतात ती हळूहळू मोकळी होऊ लागतात. रात्री कोमेजवण्याच्या दालनात शिरलं की सफरचंदं आणि कापलेलं गवत यांचा मिळून वास येतो, आणि अनुभवी माणूस त्या वासावरून पान तयार झालं की नाही ते सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पान वळायला घेतात. पितळी पट्ट्या बसवलेल्या गोल टेबलावर वरून दाब देत पान फिरवलं जातं. पानाच्या पेशी फुटतात, रस बाहेर येतो आणि हवेशी त्याची गाठ पडते. पानातले कॅटेचिन नावाचे पॉलिफेनॉल आणि एक विकर आतापर्यंत पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत होते. आता ते एकत्र येतात, प्राणवायूशी संयोग होतो आणि हिरव्या पानाचा रंग तांबूस व्हायला लागतो. कापलेलं वांगं काळं पडतं तेही याच क्रियेने. कॅटेचिनपासून थिआफ्लेविन बनतात, ते चहाला चकाकी आणि तरतरी देतात. पुढे थिआरुबिजिन बनतात, त्यांच्यापासून रंग आणि भरदारपणा येतो. ही क्रिया कुठे थांबवायची, हा चहा बनवणाऱ्याचा सगळ्यांत मोठा निर्णय. थांबवण्याचा उपाय एकच, उष्णता. शंभर अंशांहून जास्त तापलेल्या हवेत पान वीस-पंचवीस मिनिटं वाळवलं की विकर निकामी होतं आणि चहा जिथे असेल तिथे स्थिर होतो.

आता फळीवरच्या डब्यांचा उलगडा सोपा होतो. पान खुडल्याबरोबर उष्णता दिली, तर विकराला कामच मिळत नाही आणि चहा हिरवा राहतो. जपानमध्ये ही उष्णता वाफेची असते, म्हणून तिथल्या सेंचा चहाला समुद्रशेवाळासारखी ताजी चव येते. चीनमध्ये हांगचौजवळ लाँगचिंग चहाची पानं गरम कढईत हाताने दाबून परततात, म्हणून त्याला भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा असतो. क्रिया मध्येच थांबवली की उलाँग. पूर्ण होऊ दिली की काळा चहा. वळण्याची पायरी गाळून नुसतं कोमेजवून सुकवलं की पांढरा. युन्नानचा पू-अर या सर्वांहून निराळा. तिथे वाळलेला पाला ओलसर करून ढीग घालतात आणि सूक्ष्मजीवांना त्यावर काम करू देतात. ही ढीग घालण्याची पद्धत कुनमिंगच्या कारखान्यात १९७३ मध्ये बसवली गेली. त्यापूर्वी हाच परिणाम साधायला चहाच्या वड्या वर्षानुवर्षं साठवून ठेवाव्या लागत.

दार्जिलिंगचा पहिला बहर काळा चहा म्हणून विकला जातो, पण ओली पानं उलगडून पाहिली तर त्यात हिरवी छटा स्पष्ट दिसते. याचं कारण कोमेजवण्यात आहे. मार्चचा कोवळा पाला इथे फार कडक कोमेजवतात, अर्ध्याहून जास्त वजन जाईपर्यंत. इतकं पाणी गेल्यावर पेशी फुटल्या तरी विकराला काम करायला पुरेसा ओलावा उरत नाही. क्रिया अर्धवट राहते आणि फुलांचा, कोवळ्या पालवीचा वास टिकून राहतो. ही पद्धत फार जुनी नाही. हलका, सुवासिक चहा मागणाऱ्या जर्मन गिऱ्हाइकांच्या आवडीनुसार ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. पिणाऱ्याच्या जिभेने चहा बनवणाऱ्याचा हात बदलला, त्याचं हे ठळक उदाहरण.

एप्रिलनंतर झुडपं थोडी विसावतात. नव्या शेंड्याला कळी येत नाही, पान राठ होतं. मग मेच्या अखेरीस दुसरा बहर येतो आणि त्याच्याबरोबर येतात किडे.

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. मे-जूनच्या उष्ण, कोरड्या दिवसांत हिरव्या रंगाचे, तांदळाच्या दाण्याहून लहान तुडतुडे आणि त्यांच्या जोडीला फुलकिडे कोवळ्या पानांवर येतात. ते पानातला रस शोषतात. चावलेल्या पानाची वाढ खुंटते, कडा पिवळट-तांबूस होऊन आत वळतात. कुठल्याही शेतकऱ्याला हे पीक बिघडल्याचं लक्षण वाटेल. पण चहाचं झाड या हल्ल्याला उत्तर देतं. पानात संरक्षणासाठी सुगंधी द्रव्यं तयार होऊ लागतात, त्यांत लिनालूल आणि त्याच्या कुळातली इतर द्रव्यं असतात. काही द्रव्यांचा वास त्या किड्यांना खाणाऱ्या शिकारी कीटकांना ओढून आणतो, असं संशोधकांना दिसून आलं आहे. कोमेजवण्याच्या आणि वळण्याच्या पायऱ्यांत हाच सुगंध खुलतो आणि कपात मस्कॅट जातीच्या द्राक्षांची आठवण करून देणारी गोडी उतरते. दार्जिलिंगच्या दुसऱ्या बहराला ‘मस्कॅटेल’ म्हणतात ते यावरून.

हे फक्त दार्जिलिंगमध्येच घडतं असं नाही. तैवानच्या शिनचू भागातही त्याच कुळातले तुडतुडे उन्हाळ्यात चहावर येतात. तिथे सांगतात की एका शेतकऱ्याचा पाला किड्यांनी खाल्ला, त्याने तरीही त्याचा चहा करून बाजारात नेला आणि तो चांगल्या चहाहून दामदुप्पट भावाने गेला. गावात येऊन त्याने हे सांगितलं तर लोकांना ती थाप वाटली, आणि त्या चहाला बढाईखोराचा चहा हे नाव पडलं. आज तो ‘ओरिएंटल ब्यूटी’ म्हणून विकला जातो आणि उलाँगमधल्या सर्वांत महागड्या चहांत मोडतो. गोष्ट खरी असो वा रचलेली, किड्यांचं काम मात्र खरं आहे. तैवानमध्ये अशा पाल्याचा तांबूस उलाँग होतो, दार्जिलिंगमध्ये काळा चहा. दोन्ही समोर ठेवून प्यायलं तर दोघांतला तो मधासारखा धागा जिभेला नेमका सापडतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी ही जोडी एकदा अवश्य चाखावी.

यात एक पेच आहे. कीटकनाशक फवारलं तर वास जातो. फवारलं नाही आणि किडे माजले तर पीक जातं. पाऊस लवकर आला तर किडे धुऊन जातात आणि त्या वर्षीचा मस्कॅटेल नुसता नावाचा उरतो. म्हणून जूनचा चहा दर वर्षी सारखा येत नाही आणि मळ्यांचे जाणकार कुठल्या वर्षी कुठल्या मळ्याचा दुसरा बहर कसा होता हे लक्षात ठेवतात.

पावसाळ्यात पाला भराभर वाढतो. त्यात पाणी जास्त, वास कमी. हा चहा बहुतेक मिश्रणांत आणि पुड्यांत जातो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश निवळतं, रात्री थंड होतात, वाढ मंदावते आणि शेवटचा बहर येतो. त्याचा बोलबाला कमी आहे, किंमतही कमी. तरी चांगला शरद बहर हातात पडला तर त्यात भाजलेल्या साखरेचा, सुक्या फळांचा वास मिळतो. दार्जिलिंगबद्दल लिहिणारे पहिल्या दोन बहरांवर पानं खर्च करतात आणि शरदाला दोन ओळी देतात. तो त्याहून जास्त मानाचा धनी आहे.

वर्षाला साधारण साठ लाख किलो, एवढंच दार्जिलिंगचं आजचं उत्पादन. भारतात दर वर्षी १३० कोटी किलोंच्या आसपास चहा होतो, म्हणजे दार्जिलिंगचा वाटा अर्धा टक्काही भरत नाही. उरलेल्या चहापैकी बहुतेक ‘सीटीसी’. १९३० च्या सुमारास आसाममध्ये विल्यम मॅककर्चर याने दातेरी रुळांचं यंत्र बनवलं. त्यात पान चिरडून, फाडून, गोळ्यांसारखं वळून बाहेर पडतं. पेशी इतक्या बारीक फुटतात की रंग आणि कडकपणा दोन मिनिटांत पाण्यात उतरतो, आणि एका किलोत कपही जास्त होतात. त्याच दशकात जागतिक मंदीने चहाचे भाव कोसळले होते. मळेवाल्यांच्या बाजारवृद्धी मंडळाने तेव्हा देशातच गिऱ्हाईक शोधण्यावर भर दिला : रेल्वे स्थानकांवर, गिरण्यांत, बाजारांत चहा करून दाखवला, फुकट पाजला. स्वातंत्र्यानंतर सीटीसी कारखाने वाढले आणि चहा खेड्यापाड्यांत पोचला.

महाराष्ट्रात हा बदल किती वेगाने झाला, ते पुण्याच्या एका प्रकरणाशी ताडून पाहावं. १८९० मध्ये गोपाळराव जोशी यांच्या पुढाकाराने पंचहौद मिशनमध्ये एक मेळावा झाला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी तिथे होती. मिशनमध्ये चहा-बिस्किटं दिली गेली आणि उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापली गेली. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतल्याबद्दल ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न पुण्यात कितीतरी दिवस गाजत राहिला. त्याच पुण्यात पुढे राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ‘अमृततुल्य’ चहाची दुकानं सुरू केली. पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर उकळत ठेवायची, खलबत्त्यात आलं-वेलची कुटून घालायची, वर चहापत्ती टाकायची आणि कापडाच्या गाळणीतून गाळायचं. हा चहा सीटीसीसाठीच बनलेला आहे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन चहातल्या तुरट पॉलिफेनॉलशी जोडलं जातं आणि कडकपणा मवाळ होतो. पत्ती जितकी तिखट, तितकं दूध तिला पेलतं. अमृततुल्यच्या पातेल्यात पहिल्या बहराचं दार्जिलिंग टाकलं तर ना रंग येईल ना चव, आणि चांगल्या सीटीसीचा चहा नुसत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून प्यायला तर जीभ आखडेल. दोन्ही चहा आपापल्या जागी उत्तम आहेत. एकाला श्रेष्ठ ठरवून दुसऱ्याला नावं ठेवणाऱ्याने दोन्हींचा आस्वाद गमावला.

बिनदुधाचा चहा मराठी माणसाला अगदीच परका आहे असंही नाही. कोकणात आणि घाटावरच्या कित्येक घरांत दूध परवडत नसे किंवा मिळत नसे, तेव्हा गुळाचा कोरा चहाच चाले. पावसाळ्यात परसातल्या गवती चहाची पात त्यात पडे. ज्यांनी लहानपणी तो प्यायला आहे, त्यांना दार्जिलिंगची पायरी अवघड जाऊ नये.

दार्जिलिंग करायला भांडीकुंडी फारशी लागत नाहीत. झाकणाची किटली किंवा स्टीलचं झाकणाचं पातेलं, बारीक गाळणी आणि शक्यतो छोटा वजनकाटा, एवढं पुरे. काट्याचं महत्त्व अशासाठी की दार्जिलिंगची पानं फुललेली, हलकी असतात. चमच्याने मोजली तर सीटीसीच्या मानाने निम्मीही पडत नाहीत. दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम हे चांगलं माप. आधण आलं की गॅस बंद करावा. पहिल्या बहरासाठी दोन मिनिटं थांबून, पाणी पंच्याऐंशी-नव्वद अंशांवर आलं की पानांवर ओतावं आणि तीन मिनिटांत गाळावं. दुसऱ्या बहराला थोडं अधिक गरम पाणी आणि तीन ते चार मिनिटं. शरदाच्या चहाला उकळत्याच्या जवळचं पाणीही चालतं. पान पाण्यात घालून उकळायचं मात्र नाही, कारण मग तुरटपणा आणि कडवटपणा भसाभसा उतरतो आणि वास वाफेबरोबर उडून जातो. गाळलेला चोथा लगेच टाकू नये. चांगल्या पानाचा दुसरा काढा मिनिटभर जास्त ठेवला की पुन्हा तेवढाच गोड लागतो, फक्त हलका. आधी प्यालेल्या कपातला जो सुगंध हुकला होता, तो पुष्कळदा दुसऱ्या कपात सापडतो.

पाण्याकडे दुर्लक्ष करू नये. दख्खनच्या अनेक गावांत विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहाच्या पॉलिफेनॉलशी मिळून पृष्ठभागावर तवंग धरतात, रंग मळकट होतो आणि वास मुका पडतो. दुधाच्या चहात हे जाणवत नाही. क्षार पार काढून टाकलेलं पाणीही उपयोगाचं नाही, त्यात चव पोकळ लागते. घरात नळाचं आणि गाळणयंत्राचं असं दोन प्रकारचं पाणी असेल तर एकच चहा दोन्हींत करून पाहावा. फरक पहिल्याच घोटाला कळतो.

कलकत्त्यात चहाचा लिलाव १८६१ पासून होतो आहे. तिथले चवपारखी एका ओळीत पांढऱ्या चिनी मातीचे कप मांडतात, प्रत्येकात सारखंच वजन, सारखंच पाणी, सारखाच वेळ. मग चमच्यात चहा घेऊन मोठ्याने भुरका मारतात आणि थुंकून पुढच्या कपाकडे जातात. भुरक्याचं कारण सरळ आहे : हवेबरोबर चहाचे तुषार घशामागून नाकाकडे चढतात आणि चव म्हणून आपण जे अनुभवतो त्याचा मोठा भाग नाकातच ठरतो. बशीत ओतून फुर्र करून चहा पिणारे आजोबा नेमकं हेच करत आले आहेत. घरी चार बहर चाखायचे असतील तर चारही एकाच वेळी, सारख्या मापाने करावेत. एकेक दिवसाआड प्यायलेले चहा आठवणीत एकमेकांत मिसळतात. समोरासमोर ठेवले की कोवळ्या तुरटपणाशेजारी द्राक्षाची गोडी, आणि तिच्याशेजारी शरदाची मऊ ऊब अशी ओळ लागते. ओली पानं बशीत पसरून रंगही पाहावेत.

विकत घेताना नाव पुरेसं नाही. दार्जिलिंग चहा हे भौगोलिक निर्देशांक मिळालेलं भारतातलं पहिलं उत्पादन, नोंदणी २००४ ची. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातल्या ८७ मळ्यांच्या चहालाच हे नाव वापरता येतं आणि खऱ्या पुड्यावर दोन पानं-कळी हाती धरलेल्या बाईच्या चेहऱ्याची गोल मुद्रा असते. त्याशिवाय मळ्याचं नाव, बहर आणि वर्ष छापलेलं असेल तर उत्तम. पहिल्या बहराचा चहा खुडल्यापासून वर्षभरात संपवावा. हवाबंद डब्यात, उजेडापासून आणि मसाल्याच्या डब्यापासून लांब ठेवावा, कारण चहाचं पान शेजारचा वास चटकन ओढून घेतं. सीमेपलीकडे नेपाळच्या इलाम जिल्ह्यात तीच जात, तसलेच उतार आहेत आणि तिथला स्वस्त चहा दार्जिलिंग म्हणून खपवला जातो. याने दार्जिलिंगचं नुकसान होतं आणि इलामवर तर अन्यायच होतो. तिथे अतिशय निगुतीने चहा करणारे लोक आहेत. तो इलामच्या नावानेच मागावा आणि त्याच नावाने प्यावा.

दार्जिलिंगची आजची स्थिती चिंतेची आहे. पूर्वी वर्षाला एक कोटी किलोंच्या वर जाणारं उत्पादन घसरत आलं आहे. पुष्कळ झुडपं शंभरीच्या पुढे गेली आहेत. नवीन लावली तर ती पाच-सहा वर्षं काही देत नाहीत, म्हणून मालक टाळाटाळ करतात. पाऊस बेभरवशाचा झाला आहे, मार्च कोरडा जातो आणि पहिला बहरच मार खातो. २०१७ मध्ये स्वतंत्र गोरखालँड राज्याच्या मागणीसाठी डोंगर १०४ दिवस बंद राहिला, तेही नेमकं जूनच्या मध्यापासून. दुसरा बहर झुडपांवरच वाढून गेला, मळ्यांची रानं झाली आणि त्या वर्षीचं उत्पादन एरवीच्या निम्म्याहून खाली आलं. परदेशी गिऱ्हाइकांनी त्या वर्षी नेपाळकडे मोर्चा वळवला आणि त्यातले कित्येक परतले नाहीत. पाला खुडणाऱ्या बाईची रोजची मजुरी २०२३ च्या वाढीनंतर अडीचशे रुपये झाली. घर, रेशन अशा काही सवलती वेगळ्या, पण ज्या जमिनीवर तिच्या पणजीने घर बांधलं त्या जमिनीचा हक्क बहुतेकींकडे आजही नाही. मुलं-मुली सिलिगुडी, दिल्ली, बंगळूर गाठतात. हजारो रुपये किलोने विकल्या जाणाऱ्या चहाच्या मळ्यात खुडायला हात कमी पडतात, यात नवल ते काय?

काही मळ्यांनी यातून वाट काढायला वेगळे चहा सुरू केले आहेत. त्याच झुडपांच्या नुसत्या कळ्यांचा पांढरा चहा, उलाँग, हिरवा चहा. एव्ही-टू नावाच्या कलमी जातीचा, फुलांच्या दाट वासाचा पहिला बहर. थेट गिऱ्हाइकाला डाकेने चहा पाठवण्याची सोय झाल्याने पुण्या-मुंबईतल्या माणसाला मळ्याचं नाव असलेला शंभर ग्रॅमचा पुडा मागवता येतो. परदेशात जाणारं पान आता इथल्या स्वयंपाकघरांतही येऊ लागलं आहे, आणि देशातलं गिऱ्हाईक टिकलं तर मळ्यांना त्याचा मोठा आधार होईल.

दूध-साखरेच्या चहावर वाढलेल्या माणसाने हे बहर कुठल्या क्रमाने घ्यावेत? वर्षाच्या उलट. सुरुवात शरदाच्या चहाने करावी. तो भरदार असतो, दुधाची उणीव फारशी भासू देत नाही आणि हात थोडा चुकला तरी कडू होत नाही. मग जूनचा मस्कॅटेल. आणि जीभ बिनसाखरेच्या गोडीला सरावली की मार्चचा पहिला बहर. उलट केलं, तर पुष्कळांना पहिला बहर म्हणजे गरम पाण्यात पाला बुडवल्यासारखा वाटतो आणि ते तिथूनच परत फिरतात. पहिल्या बहरापर्यंत पोचलेल्याला पुढे देशातच बरंच हिंडता येतं : नीलगिरीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीचा सुवासिक चहा, काश्मीरचा सोडा घालून तासन्‌तास उकळलेला, दूध पडताच गुलाबी होणारा खारा नून चाय, १९०५ च्या भूकंपात मळे आणि कारखाने जमीनदोस्त झाल्यानंतरही तग धरून राहिलेला कांग्र्याचा हिरवा चहा, आणि आसामातल्या सिंगफो लोकांचा फालाप, जो बांबूच्या नळीत ठासून चुलीवरच्या धुरात वाळवतात आणि हवा तेव्हा नळी फोडून चकत्या कापून घेतात.